रायफलच्या बॅरलची अचूकता रेंजवर कशी तपासायची

रेंजवर सगळ्यात जास्त फसवतो तो एखादा देखणा ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका. पाच गोळ्या एका भोकात गेल्या की ते टार्गेटचं कार्ड जपून ठेवलं जातं आणि बॅरल उत्तम ठरतं. पुढचा ग्रुप पसरला की खापर वाऱ्यावर. बॅरलची खरी परीक्षा घ्यायची तर आधी बाकीच्या सगळ्या शंका मिटवाव्या लागतात, आणि मग झाडलेली प्रत्येक गोळी मोजावी लागते. नकोशी वाटणारीसुद्धा.

इथले आकडे पॉइंट २२ लाँग रायफल काडतूस आणि ५० मीटर अंतर धरून दिले आहेत. मोठ्या कॅलिबरला पद्धत हीच, मात्र अंतर १०० मीटर ठेवा आणि बॅरल हाताला चटका देण्याइतकं तापू देऊ नका.

आधी रायफल तपासा

रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट (काडतूस बॅरलमध्ये ढकलून मागून बंद करणारा सरकता भाग) काढा. ॲक्शन (बोल्ट ज्यात सरकतो तो धातूचा सांगाडा) स्टॉकला (रायफलच्या दस्त्याला) धरून ठेवणारे स्क्रू टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळायच्या पान्याने) रायफलच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर आवळा. ‘हाताला घट्ट लागले’ म्हणजे आवळले, असं धरू नका. एक स्क्रू ढिला असला तरी दर गोळीला ॲक्शन स्टॉकमध्ये किंचित वेगळी बसते, आणि कार्डावर दोष बॅरलचा दिसतो. स्कोपच्या, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीच्या, माउंटचे आणि रिंगांचे स्क्रूही तसेच तपासा.

बॅरल स्टॉकला कुठेही टेकू नये अशी रचना असेल, तर कागदाची पट्टी दोघांच्या फटीतून मझलकडून (बॅरलच्या पुढच्या तोंडाकडून) ॲक्शनपर्यंत सरकवून पाहा. ती जिथे अडकेल तिथे स्टॉक बॅरलला टेकतोय.

मझलच्या टोकाची कड, म्हणजे क्राउन, भिंगाखाली पाहा. कान साफ करायची कापसाची काडी मझलमध्ये जरा आत घालून कडेवरून बाहेर ओढा आणि हे सगळ्या बाजूंनी करा. एकाच जागी कापसाचे तंतू अडकत असतील तर तिथे ओरखडा किंवा बर (धातूची वर आलेली खरखरीत कड) आहे. गोळी बॅरल सोडते त्या क्षणी मागचा वायू सर्व बाजूंनी सारखा सुटायला हवा. कड एका बाजूला खराब असेल तर तो तिथून आधी सुटतो आणि गोळीला तिरका धक्का बसतो. ही इजा बहुतेक वेळा मझलकडून घातलेल्या क्लीनिंग रॉडनेच होते. म्हणून रॉड नेहमी चेंबरकडून (काडतूस बसतं त्या मागच्या टोकाकडून), बोअर गाइडमधून (रॉड सरळ ठेवणाऱ्या नळीतून) घाला.

बेंचवर मांडणी

फायरिंग पॉइंटवर बोल्ट उघडा, चेंबर फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची खूण) लावलेला, मझल टार्गेटच्या दिशेला. कानांना आणि डोळ्यांना संरक्षण हवंच. टार्गेटकडे कोणी गेलं असेल तर रायफलला हात लावायचा नाही, स्कोपमधून बघायलाही नाही.

पुढचा आधार स्टॉकच्या पुढच्या भागाखाली द्या, बॅरलखाली कधीही नको. आधार कुठे आला ते स्टॉकवर टेपने खूण करून ठेवा आणि प्रत्येक गोळीनंतर रायफल त्याच खुणेवर आणा. मागे बटखाली (स्टॉकच्या खांद्याकडच्या टोकाखाली) वाळूची छोटी पिशवी ठेवा. ती मुठीत दाबून किंवा सैल सोडून उंची जुळवता येते.

पॅरालॅक्स ५० मीटरला जुळवा. रायफल आधारावर स्थिर ठेवून डोकं किंचित वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) टार्गेटवर सरकताना दिसला तर जुळणी अजून बाकी आहे.

झीरो (नेम आणि गोळी एकाच जागी येण्यासाठी केलेली स्कोपची जुळणी) मुद्दाम थोडा हलवा, म्हणजे गोळ्या नेम धरायच्या ठिपक्याच्या ४ ते ५ सें.मी. वर लागतील. ठिपकाच फाटून गेला तर दहाव्या गोळीला नेम कशावर धरणार? एकदा जुळवल्यावर चाचणी संपेपर्यंत स्कोपच्या नॉबला हात लावू नका.

गोळीबार

एकाच लॉट नंबरची (एकाच खेपेत बनलेली) किमान ५५ काडतुसं घ्या. पहिल्या १५ मोजू नका. पॉइंट २२ च्या गोळीवर मेणाचा किंवा ग्रीसचा लेप असतो आणि बॅरल त्याने आतून एकसारखं माखल्याशिवाय गोळ्या स्थिर जागी लागत नाहीत. ब्रँड बदलला की हे पुन्हा करावं लागतं. मग १०-१० गोळ्यांचे चार ग्रुप, प्रत्येकासाठी वेगळा ठिपका.

पाच गोळ्यांवर भागत नाही. एकाच निर्दोष बॅरलने झाडलेल्या पाच-पाच गोळ्यांच्या दोन ग्रुपांत एक दुसऱ्याच्या दीडपट निघणं अगदी रोजचं आहे. तीन गोळ्यांचा ग्रुप तर नेहमीच खुशामत करतो, कारण गोळ्या जितक्या कमी तितका ग्रुप आपोआप लहान दिसतो. दहाचा ग्रुप पाचाच्या ग्रुपपेक्षा सरासरीने जवळपास पाव हिश्श्याने मोठा येतो. त्यामुळे तुलना करताना दोन्हीकडे गोळ्यांची संख्या सारखी ठेवा.

वाऱ्याला कमी लेखू नका. सेकंदाला १ मीटर वेगाचा आडवा वारा, जो चेहऱ्याला धड जाणवतही नाही, ५० मीटरला गोळी सुमारे ६ मि.मी. सरकवतो. टार्गेटच्या वाटेत दोन ठिकाणी हलक्या रिबनी लावा आणि त्या एकाच स्थितीत असतानाच झाडा.

ट्रिगर ओढताना नेम ढळल्याचं जाणवलं तर स्कोपमधून भोक बघायच्या आधी वहीत नोंद करा. भोक पाहिल्यावर सुचलेली सबब धरायची नाही.

मोजमाप

व्हर्नियरने सगळ्यात दूरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा मोजा. त्यातून एका भोकाचा व्यास वजा करा, पण गोळीचा ५.६ मि.मी. व्यास डोळे झाकून नाही, कारण कागदातलं भोक गोळीपेक्षा लहान उमटतं. त्याच कार्डावर एक सुटी गोळी झाडून तिच्या राखाडी कडेचा बाहेरचा व्यास घ्या. समजा बाहेरून अंतर १७.८ आणि सुट्या भोकाचा व्यास ५.४ आला, तर ग्रुप १२.४ मि.मी. कोनाचं एक मिनिट (अंशाचा साठावा भाग) ५० मीटरला १४.५ मि.मी. भरतं, म्हणजे हा ग्रुप ०.८५ मिनिटाचा.

हा आकडा दोनच गोळ्यांवर ठरतो, उरलेल्या आठ वाया जातात. म्हणून चारही ग्रुप एकाच ट्रेसिंग पेपरवर, ठिपक्यावर ठिपका ठेवून उतरवा. चाळीस गोळ्यांचा मध्य काढा आणि प्रत्येकीचं मध्यापासूनचं अंतर मोजून सरासरी घ्या. दोन बॅरलांची किंवा दोन लॉटांची तुलना या सरासरीवरच करा.

५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मि.मी. व्यासाचं असतं आणि गोळी रेषेला टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे गोळ्यांची केंद्रं १६ मि.मी. व्यासाच्या वर्तुळात मावली आणि झीरो बरोबर असला, तर बॅरल एकही दहा गमावत नाही.

ग्रुपचा आकार काय सांगतो

उभा लांबट ग्रुप बहुतेक वेळा काडतुसांचा वेग कमी-जास्त असल्याने येतो. एक गोळी ३२० आणि दुसरी ३३० मीटर प्रतिसेकंद निघाली तर ५० मीटरला ७ ते ८ मि.मी. उभा फरक पडतो. खांद्याचा किंवा गालाचा दाब दर वेळी बदलत असेल तरी असंच दिसतं. आडवा पसारा आला तर आधी वारा, मग ट्रिगरवरचं बोट तपासा. स्वच्छ दोन पुंजके म्हणजे काहीतरी ढिलं आहे आणि दोन जागी बसतंय: माउंट, ॲक्शनचे स्क्रू किंवा स्कोपच्या आतली जुळणी. गोळ्या क्रमाने एकाच दिशेला सरकत गेल्या आणि बॅरल तापलेलं असेल, तर ते स्टॉकला टेकत असावं किंवा धातूत ताण असावा. लांबट, आडवी भोकं दिसली तर गोळी स्थिर फिरत नाही. ट्विस्ट (बॅरलच्या आतल्या खाचांचा पीळ) आणि गोळी जुळत नाहीत, किंवा क्राउन फार बिघडलेला आहे.

गोल पण मोठा ग्रुप आला तर बॅरलवर ठपका ठेवायच्या आधी किमान तीन वेगळे लॉट वापरून पाहा. पॉइंट २२ च्या बॅरलांना एक लॉट मानवतो आणि त्याच कंपनीचा दुसरा मानवत नाही, हे इतकं नेहमीचं आहे की स्पर्धक बॅरलला जुळणारा लॉट शोधून त्याचाच साठा करतात. तिन्ही लॉटना पसारा तसाच राहिला, तर त्याच बेंचवर नीट चालणारी ओळखीची रायफल त्याच दिवशी झाडून पाहा. ती तिच्या नेहमीच्या मापात लागली तर वारा, बेंच आणि तुमचा हात तिघंही सुटले. स्कोप उरतोच, म्हणून तिचाच स्कोप या रायफलवर चढवून आणखी दोन ग्रुप घ्या. तरीही पसारा कायम असेल तर दोष बॅरलचा, आणि अशा वेळी पहिलं काम बदलीचं नव्हे, कुशल गनस्मिथकडून क्राउन नव्याने कापून घेऊन हीच चाळीस गोळ्यांची चाचणी पुन्हा करण्याचं.