उरलेल्या मेणाच्या मेणबत्त्या: या चुका टाळा

दिवाळीनंतर काचेच्या ग्लासांत, मेणाच्या पणत्यांत आणि लोडशेडिंगच्या डब्यात बरंच मेण उरतं. त्याची मेणबत्ती ओतणं सोपं आहे. ती नीट जळत नाही, तिथे खरी अडचण येते, आणि बहुतेक वेळा दोष वातीचा असतो.

आधी वितळवण्याबद्दल. पातेलं थेट गॅसवर ठेवू नका. मेण तापताना पाण्यासारखं उकळून इशारा देत नाही, आणि २०० अंशांच्या आसपास त्याची वाफ पेट घेऊ शकते. पातेल्यात चार बोटं पाणी घ्या, तळाशी जाळी ठेवा आणि त्यावर मेणाचा डबा. चुकून पेटलंच तर गॅस बंद करून झाकण टाका. पाणी अजिबात ओतू नका, भडका उडेल.

डब्यात पाण्याचा थेंब गेला तर तो तळाशी बसतो, कारण मेण पाण्यापेक्षा हलकं. तोच थेंब वातीत शिरला की मेणबत्ती तडतडते आणि विझते. म्हणून वरचं मेण ओता, तळाचं अर्धं बोट सोडून द्या. ओतताना मलमलच्या फडक्यातून गाळा. काडीपेटीची जळकी टोकं राहिली, तर ती दुसऱ्या वातीसारखी पेटतात.

जेल मेणबत्तीचं पारदर्शक मेण यात मिसळू नका, ते मुख्यतः खनिज तेलाचं असतं. लाल आणि हिरवं एकत्र केलंत, तर चॉकलेटी रंग ठरलेला. रंगासाठी मुलांचे खडू घालू नयेत. त्यातली भुकटी विरघळत नाही, वातीत अडकते आणि ज्योत मिणमिणते.

आता वात. समईची कापसाची वात इथे चालत नाही: सैल असते, मेण पातळ झालं की लोळते. शिवणाचा दोराही नको. शंका असेल तर टोक जाळून बघा. राख झाली तर सुती, कडक मणी झाला तर पॉलिस्टर. सुती दोऱ्याची तीनपदरी वेणी घाला. ती वितळलेल्या मेणात बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, मग काढून सरळ ताणून कागदावर वाळवा. संपलेल्या टी-लाइटच्या (पत्र्याच्या वाटीतल्या छोट्या मेणबत्तीच्या) तळाची पत्र्याची चकती फेकू नका, नव्या वातीला तीच लावा. वर वात आइस्क्रीमच्या काडीला बांधली की मधोमध राहते.

मेण किती लागेल? साच्यात पाणी भरून मोजा. १०० मिली पाण्याच्या जागी साधारण ९० ग्रॅम मेण. साचा मग पूर्ण कोरडा करा.

काचेचा ग्लास कोमट करून, मेण ६५ ते ७० अंशांवर असताना ओता. गार ग्लासात मेण कडेपासून सुटतं. थिजताना मेण आकसतं, त्यामुळे वातीभोवती खड्डा पडतोच. पाचवा हिस्सा बाजूला ठेवा. वर साय धरली की वातीजवळ दोन-तीन भोकं पाडून तो थोडा जास्त गरम करून ओता. सुवास हवा म्हणून परफ्यूम मात्र ओतू नका. त्यातलं अल्कोहोल मेणात मिसळत नाही आणि पेटतं.

पेटवण्याआधी वात ५-६ मिलिमीटर ठेवून कापा. काजळी धरत असेल तर वात जाड किंवा लांब आहे. मधोमध विहीर पडून कडेचं मेण तसंच राहत असेल तर ती बारीक आहे. अशा ग्लासाच्या तोंडावर मध्ये भोक ठेवून फॉइल गुंडाळा आणि तासभर जळू द्या, कडेचं मेण वितळेल. पुन्हा विहीर पडली तर सगळं वितळवा आणि वेणीत एकेक पदर वाढवा.