आधी कोह केर, मग बेंग मेलिया

कंबोडियात अंगकोर वाट बघून झालं आणि हातात एक दिवस उरला, तर सिएम रीपहून कोह केर आणि बेंग मेलिया ही जुन्या देवळांची दोन ठिकाणं करा. टुकटुकने जा म्हणणाऱ्याला लांबूनच हात जोडा. कोह केर नुसतं जायलाच १२० किलोमीटर आहे, एसी गाडीच हवी. डॉलरच्या नोटा धडक्या ठेवा. कोपरा जरा फाटलेला दिसला तरी नोट परत येते. बेंग मेलियाला अंगकोरचाच पास चालतो, तो आधीच काढून ठेवा. कोह केरचं तिकीट वेगळं.

खरी मेख आहे ती क्रमात. वाटेत आधी बेंग मेलिया लागतं, म्हणून ड्रायव्हर गाडी तिथेच वळवतो. पहिल्या खेपेला मीही मान डोलावली. झाडांच्या गारव्यात दोन तास कसे गेले कळलं नाही आणि कोह केरला पोचले भर बाराला. समोर सात टप्प्यांचा, साधारण ३६ मीटर उंच पिरॅमिड, आणि त्याच्यावर सावलीचं नाव नाही. अर्ध्या जिन्यात बाटली संपली. वर गेले खरी, पण खाली आल्यावर पायांत त्राण नव्हतं. बाकीची देवळं गाडीच्या काचेतूनच बघितली.

म्हणून सहाला निघा आणि बेंग मेलिया मागे टाकून सरळ कोह केर गाठा. हे पैसे ठरवतानाच बोलून घ्या. वाटेत विषय काढलात तर त्याचा ‘जादा फेरा’ होतो आणि घासाघीस सुरू होते. पोचल्यावर आधी पिरॅमिड, दहाच्या आत. जिना लाकडी आहे, कठड्याला धरूनच चढा.

मग लिंगांची देवळं. चौथ्या जयवर्मनने इथे राजधानी आणली, ९२८ ते ९४४ एवढीच टिकली ती. शाळुंकेसकट लिंग पुरुषभर उंच, आणि अभिषेकाचं पाणी बाहेर जायला भिंतीतून पन्हळ काढलेली. आपल्याकडच्या गोमुखाची सवय असलेला माणूस आपसूक तिकडेच जाऊन वाकतो. प्रासात चेन हे देऊळ चुकवू नका. भीम-दुर्योधनाच्या गदायुद्धाचे पुतळे इथलेच. चोरांनी ते घोट्यापासून तोडून नेले, पावलं जागीच राहिली. दुर्योधन २०१४ साली अमेरिकेहून परत आला, आता नॉमपेन्हच्या संग्रहालयात आहे.

मळलेली पायवाट सोडू नका, लघवीलासुद्धा नाही. या भागात युद्धाच्या काळात सुरुंग पेरले होते.

जेवून दुपारी बेंग मेलिया. डोक्यावर झाडं आहेत, ऊन बाधत नाही. लाकडी पुलावरूनच फिरा, ढासळलेल्या दगडांवर चढू नका. पावसाळ्यात शेवाळ असतं, तेव्हा चपला नकोत, बूट घाला.