ट्रेकिंग क्लबात अनुभवकथन करायचंय? आधी फोटो गाळा

क्लबच्या बैठकीत "पुढच्या महिन्यात तू बोल" असं कुणी म्हटलं की पहिला हात मोबाइलच्या गॅलरीकडे जातो. घोळ तिथेच सुरू होतो. समोरचे बरेच जण तीच वाट चढून आलेले असतात. त्यांना देखावे नकोत, तुम्ही कुठे अडलात ते ऐकायचं असतं.

म्हणून आधी ट्रेकमधला एकच प्रसंग निवडा. समजा, बेलपाड्याहून नळीच्या वाटेने, म्हणजे दोन कड्यांमधल्या अरुंद उभ्या घळीतून, हरिश्चंद्रगड केलात. एसटी, चहा, पोहे सोडून द्या. थेट नळीतल्या दगडधोंड्यांत सुरुवात करा. ऊन कधी चढलं, पुढे जायचं की मागे फिरायचं हे कुणी आणि कशावरून ठरवलं? गड १४२४ मीटर उंच आहे हे ऐकून कुणी दचकत नाही. "दुपारचे दोन, सहा जण आणि दीड लिटर पाणी" म्हणा, मागची रांगही सरसावून बसते.

मग फोटो. चाळीस मिनिटांना पस्तीस पुरे. कातळटप्प्याखाली उभं राहून वर काढलेला फोटो पडद्यावर सपाट दिसतो, चढ मरतो. बाजूने काढलेला घ्या आणि त्यात रोपवरचा (दोरावरचा) माणूस असू द्या, म्हणजे उंचीचा अंदाज येतो. दुसऱ्याच स्लाइडवर गाव, नळी, कोकणकडा, मंदिर असा हाताने काढलेला कच्चा नकाशा लावा. ब्रिटिश काळात कर्नल साइक्स या अधिकाऱ्याला कोकणकड्यावरून इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य, दिसलं, हे मात्र प्रत्येक वक्ता सांगतो. तुम्हाला स्वतःला दिसलं असेल तरच तो विषय काढा.

सोबत्याची फजिती सांगणार असाल तर त्याला आधी विचारा. वाट दाखवणाऱ्या गावातल्या मामांची आठवण मात्र न विसरता काढा.

घड्याळ लावून एकदा घरी उभ्याने बोलून बघा, तेही ट्रेक न करणाऱ्या माणसासमोर. "ट्रॅव्हर्स म्हणजे काय गं?" असं आईने विचारलं की कळतं, "कड्याला बिलगून आडवं जाणं" एवढंच म्हणायला हवं होतं.

अर्धा तास आधी पोहोचा. माझ्या पहिल्या कार्यक्रमात क्लबच्या लॅपटॉपवर मराठी फॉन्टच नव्हता आणि शीर्षकाच्या जागी नुसते चौकोन उमटले. तेव्हापासून पेन ड्राइव्हवर पीडीएफही ठेवते आणि एचडीएमआय केबल स्वतःची नेते.

शेवटची दहा मिनिटं प्रश्नांना ठेवा. एखादे काका "आमच्या वेळी रोपबिप नव्हता" म्हणत उठतील, त्यांना बोलू द्या, वाटेची जुनी माहिती त्यांच्याकडेच असते. बाकीचे विचारतील ते ठरलेलं: पाणी कुठे मिळालं, वाटाड्याने किती घेतले, परतीची शेवटची गाडी कितीची. हे कागदावर लिहून खिशात ठेवा.