नांगर धरत नाही? मोटारबोटीवर या चुका टाळा

बोट थांबून राहते ती नांगराच्या वजनामुळे, असं अनेकांना वाटतं. पण दहा किलोचा नांगर दीड टनाची बोट नुसत्या वजनावर कशी धरणार? नांगराचं पातं तळात रुततं आणि दोराची ओढ आडवी असेपर्यंतच रुतून राहतं. ओढ वरच्या दिशेने लागली, की तोच नांगर सहज उपटून निघतो. मोठा नांगर विकत घेण्याआधी आपण दोर किती सोडतो हे पाहा.

दोर मोजण्यातली चूक

दोर आणि साखळी मिळून एकूण खोलीच्या सातपट सोडावी. शांत पाण्यात, कोणीतरी बोटीवर लक्ष ठेवून असेल तर पाचपट चालते. वारा वाढला की दहापटीपर्यंत जावं. एवढं बऱ्याच जणांना पाठ असतं. चूक होते ती खोली धरण्यात.

समजा, खोली मोजणारं यंत्र ४ मीटर दाखवतंय. नांगराचा दोर मात्र पाण्याच्या पातळीवरून सुटत नाही, तो नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून सुटतो आणि नाळ पाण्याच्या १ मीटर वर आहे. शिवाय पाणी भरतीचं आहे, अजून २ मीटर चढणार. म्हणजे हिशोबाची खोली ७ मीटर आणि दोर ४९ मीटर. ज्याने फक्त चारला सातने गुणून २८ मीटर सोडले, त्याची बोट सकाळी छान उभी राहते. दुपारी पूर्ण भरतीला प्रमाण चारपटीवर आलेलं असतं आणि नेमका तेव्हाच वारा सुटतो. खोलीचं यंत्र बोटीच्या तळापासून मोजत असेल, तर तळ पाण्याखाली जेवढा आहे तेवढीही भर घाला.

अंदाजाने सोडलेला दोर नेहमी कमीच पडतो. दर ५ मीटरवर रंगीत खूण करून ठेवा. दोर नायलॉनचा हवा, कारण तो ताणला जातो आणि लाटांचे झटके पचवतो. तरंगणारा स्वस्त दोर या कामाचा नाही. तो ताणला जात नाही आणि पृष्ठभागावर पसरून प्रोपेलरच्या तोंडी येतो. दोर आणि नांगर यांच्यामध्ये निदान बोटीच्या लांबीएवढी साखळी असावी. ती तळावर पडून राहते, म्हणून ओढ आडवी राहते. साखळी नांगराला जोडणाऱ्या कडीची, म्हणजे शॅकलची पिन तारेने बांधून टाका, आणि दोराचं शेवटचं टोक बोटीला बांधलेलं आहे ना, हे निघण्याआधी पाहा.

फेकू नका, सोडा

नांगर भिरकावला की साखळीचा ढीग त्याच्याच अंगावर पडतो आणि पात्यात अडकतो. बोट वाऱ्याकडे किंवा प्रवाहाकडे, ज्याचा जोर जास्त त्या दिशेने तोंड करून हळू न्या. ती पूर्ण थांबू द्या. मग नांगर हाताने खाली सोडा. तळ लागला की बोट आपोआप मागे सरकू लागेल. तशी साखळी आणि दोर सोडत जा. निम्मा दोर गेल्यावर क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) एक वेढा देऊन क्षणभर अडवा, म्हणजे पातं तळाकडे वळतं. उरलेला दोर सोडून बांधा आणि इंजिन रिव्हर्समध्ये आधी अगदी मंद, मग थोडं वाढवून अर्धा मिनिट चालवा.

याच वेळी नाळेपाशी उभं राहून ताणलेल्या दोरावर तळहात ठेवा. नांगर घसरत असेल तर दोरात खरखर जाणवते, मधूनच झटका बसतो, मग ढील पडते. रुतलेल्या नांगराचा दोर घट्ट आणि शांत असतो. किनाऱ्यावरच्या एकामागे एक दिसणाऱ्या दोन वस्तू, उदाहरणार्थ झाड आणि मागचा खांब, बोटीच्या बाजूच्या दिशेला हेरून ठेवा. त्यांची रेष सुटत गेली तर बोट सरकते आहे.

दोनदा प्रयत्न करूनही धरत नसेल, तर नांगर वर घ्या. पात्यावर पाणगवताचा गुंता असेल तर तो साफ करून जागा बदला. वाळू आणि घट्ट गाळ उत्तम. गवत आणि सपाट खडक टाळावेत. आजूबाजूला मोकळी जागा किती लागेल, हेही बघा: ४९ मीटर दोरावरची ६ मीटरची बोट वारा फिरला की जवळजवळ ५५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ घेते.

एक चूक मात्र जिवावर बेतते: मागच्या बाजूने नांगर टाकणं. मागची कड बुटकी असते, इंजिनाचा भार तिथेच असतो. दोर ताणला की ती आणखी दबते आणि लाट थेट आत येते. नांगर नेहमी नाळेवरूनच.

थांबल्यावर आणि निघताना

पोहायला उतरण्याआधी इंजिन बंद करून किल्ली काढा. नुसतं न्यूट्रल पुरेसं नाही. चालू इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड मागच्या शिडीपाशी साचतो, आणि मुलं तिथेच लटकतात. गाणी आणि फ्रिज यांच्यासाठी वेगळी बॅटरी ठेवा, नाहीतर परतताना स्टार्टर फिरणार नाही. आत पेट्रोल इंजिन असेल तर सुरू करण्याआधी ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या कप्प्यातली वाफ बाहेर काढणारा पंखा, ४ मिनिटं चालवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळात बसते.

आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन, सुरूच होत नसेल तर आधी गिअर न्यूट्रलमध्ये आहे का आणि किल स्विचची (इंजिन तातडीने बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप जागेवर आहे का ते बघा. चालू होऊन काही मिनिटांत बंद पडत असेल आणि इंधनाच्या नळीतला रबरी फुगा चपटा झाला असेल, तर सुट्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला आहे. तो उघडा, फुगा कडक होईपर्यंत दाबा. इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली तर लगेच इंजिन बंद करा; पाणी ओढण्याच्या जाळीवर बहुधा पिशवी किंवा गवत बसलेलं असतं.

नांगर उचलताना बोट दोराने ओढू नका. इंजिनाने हळू पुढे जा, ढिला पडेल तसा दोर आत घ्या. दोर उभा झाला की क्लीटला बांधा आणि लाटेला काम करू द्या. तरीही अडकला असेल, तर थोडा दोर सोडून ज्या दिशेने रुतवला त्याच्या उलट दिशेला मंद गतीने ओढा. दोर नाळेलाच बांधलेला असू द्या आणि तो प्रोपेलरपासून लांब ठेवायला एक माणूस नेमा.