स्तुती दोन वाक्यांत सरते तेव्हा

नागपुरातल्या सदर भागातल्या आमच्या दोन खोल्यांत दर शुक्रवारी संध्याकाळी ख्रिस्ती प्रार्थनेची घरसभा भरते. मे महिन्यातल्या एका सभेत, कूलर घरघरत असताना, नव्याने येऊ लागलेल्या एका मुलीला मी म्हटलं, "आज स्तुती तू कर." "प्रभू, तुझी स्तुती असो, तू चांगला आहेस," इथवर ती आली, थांबली आणि थेट परीक्षेच्या मागणीवर गेली. नंतर कप विसळताना म्हणाली, "आंटी, मागाले खूप राह्यते, पण स्तुती दोन वाक्यातच सरते."

तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

मागणं, उपकारस्तुती आणि स्तुती या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मागणं माझ्या गरजेतून निघतं, उपकारस्तुती मला मिळालेल्यातून. स्तुतीत माझी बाब बाजूला राहते; देव कोण आहे, कसा आहे, हे मी त्यालाच सांगते. त्याला ठाऊक नाही म्हणून नव्हे, मी विसरते म्हणून. बायबलमधल्या १०३ व्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता स्वतःच्या जिवालाच बजावतो, "त्याचे सर्व उपकार विसरू नकोस."

आता करायचं कसं? स्तोत्र १४५ उघडा, आठवं वचन, म्हणजे आठवा श्लोक, घ्या. परमेश्वर कृपाळू, कनवाळू, मंदक्रोध आणि अति दयाळू आहे, असं तिथे म्हटलंय. चारही शब्द एकदम घेऊ नका. एकच घ्या, आठवडाभर पुरतो. मी 'मंदक्रोध' घेतला होता, म्हणजे लवकर न रागावणारा. आधी 'तो' काढून 'तू' केलं: प्रभू, तू मंदक्रोध आहेस. मग स्वतःला विचारलं, हे मला कुठे कळलं?

मी तीस वर्षं नर्स होते. एका रात्रपाळीत पेशंटच्या आईने चौथ्यांदा तोच प्रश्न विचारला आणि मी तिच्यावर खेकसले. त्या बाईचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. आणि मी देवाकडे वर्षानुवर्षं तीच एक चूक घेऊन जाते, तो मला दारातून परत लावत नाही. हे जसंच्या तसं मी प्रार्थनेत बोलले. त्या दिवशी 'मंदक्रोध' या शब्दाचं वजन मला कळलं. स्तुतीला मोठी विशेषणं लागत नाहीत. एक खरा शब्द आणि तो जिथे खरा ठरला ती जागा, एवढं पुरे. वहीत तारीख घालून लिहून ठेवा.

घरात चार माणसं असली तर स्तोत्र १३६ घ्या. त्याची २६ वचनं, प्रत्येकाच्या शेवटी तेच पालुपद: "त्याची दया सनातन आहे." एकाने वाचायचं, बाकीच्यांनी पालुपद म्हणायचं. लहान मुलांनाही जमतं. आकाश, सूर्य, चंद्र, तांबडा समुद्र असं करत ते २५ व्या वचनात सगळ्या प्राण्यांच्या अन्नापर्यंत येतं. तिथे आम्ही थांबतो आणि प्रत्येक जण आपल्या घरातली एक गोष्ट जोडतो.

गाणं येत असेल तर गा. कवी ना. वा. टिळकांना १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत बायबलचा नवा करार मिळाला, आणि पुढे त्यांनी येशूची स्तुती अभंग-ओवीच्या चालीवर आणली. आपल्या आजीच्या चालीत देव परका वाटत नाही, हा माझा अनुभव. कोणी टाळ्या वाजवतं, कोणी पुस्तकातून वाचतं, कोणी गप्प बसतं. त्यावरून भांडू नये. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या रीतींच्या मंडळ्या, म्हणजे चर्च, एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (सीएनआय) झाली, तीही आपल्या नागपुरातच.

मन लागत नसेल तेव्हाचं मात्र जपून सांगते. माझे मिस्टर आयसीयूत होते तेव्हा एक ओळखीचे येऊन म्हणाले, "रडू नका, याबद्दलही स्तुती करा." मला ते फार लागलं. त्यांच्या पक्षाघाताबद्दल मी देवाचे आभार मानले नाहीत आणि तुम्हीही मानू नका. आजार चांगला आहे असं म्हणणं म्हणजे स्तुती नव्हे. १३ वं स्तोत्र सहाच वचनांचं आहे. पहिल्या दोन वचनांत चार वेळा "कोठवर?" असा प्रश्न येतो, आणि शेवटी गाणं. ८८ व्या स्तोत्राच्या शेवटी तर अंधारच आहे, तरी ते स्तोत्रसंहितेत आहे. येशूचा प्रचार करणारे पौल आणि सीला फिलिप्पै शहराच्या तुरुंगात मध्यरात्री गात होते तेव्हा त्यांचे पाय खोड्यात होते आणि पाठीवर फटक्यांचे घाव होते. म्हणून आधी "कोठवर" म्हणा, मोठ्याने म्हणा. ज्याला हा प्रश्न विचारताय तो ऐकतो, हे त्या विचारण्यातच आलं.

आणि तेही तोंडातून निघेना, तर कोणाला तरी शेजारी बसवून स्तोत्र वाचायला सांगा. आपण फक्त आमेन म्हणायचं. आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर माझी बहीण वाचायची. अकरा रात्री मी तेवढंच केलं.