स्पीच थेरपीचं पहिलं वर्ष: अक्षरं सुटता सुटेनात

पहिल्याच आठवड्यात मॅडमनी फळ्यावर तीन शब्द लिहिले: खांब, दांडा, पंखा. "अनुस्वाराचे आवाज किती?" आम्ही एका सुरात म्हणालो, एक. "आता हळू म्हणा आणि टिंबापाशी थांबा." 'खां' म्हणताना ओठ मिटले. 'दां'ला जिभेचं टोक वळून टाळूला टेकलं. 'पं'ला टोक जागचं हललंही नाही, जिभेचा मागचा भाग वर गेला. टिंब एकच, आवाज तीन: म्, ण्, ङ्. जन्मभर हे शब्द बोलत आलो, पण तोंडात काय चालतं याचा पत्ताच नव्हता.

नव्याने येणाऱ्यांची पहिली अडचण हीच. शाळेत आपण अक्षरं शिकतो, आवाज नाही. 'जरा थांब'मधला ज आणि 'जराजर्जर'मधला ज लिहायला सारखे, बोलायला वेगळे. म्हणून ध्वनिलिपी, म्हणजे आयपीए, शिकवतात. तिथे एका आवाजाला एक चिन्ह. चिन्हं पाठ व्हायला वेळ लागत नाही. पण कानांनी ऐकलं तेच लिहायचं, डोक्यातलं शुद्धलेखन नाही, हे अंगवळणी पडायला मला सहा महिने लागले.

स्वनिमाची व्याख्या घोकू नका, जोड्या जमवा. काल-खाल, दार-धार. एक आवाज बदलला आणि शब्दाचा अर्थ बदलला, की ते दोन वेगळे स्वनिम. तोंडासमोर तळहात धरून 'काल' आणि 'खाल' म्हणा, 'ख'चा झोत हाताला लागेल. गळ्यावर बोट ठेवून आधी 'स्' लांबवा, मग 'म्'; दुसऱ्या वेळी घसा थरथरतो. वर्गात हे करताना हसू येतं, येऊ द्या.

हे सगळं कशासाठी, ते मला पहिल्या केसला कळलं. पाचेक वर्षांचा मुलगा होता. मी अहवालात लिहिलं, 'क म्हणता येत नाही.' मॅडमनी शेजारी लाल पेनाने लिहिलं, 'ख? ग?' मी ते तपासलंच नव्हतं. पुन्हा चित्रं घेऊन बसलो. काका 'ताता', गाडी 'दाडी', खिडकी 'थिडती'. म्हणजे अडलं होतं ते एक अक्षर नव्हतं; जिभेच्या मागच्या भागाने काढायचे सगळे आवाज तो पुढे दातांपाशी आणत होता. मी मुद्दाम विचारलं, "ताता आले का?" तर चिडून म्हणाला, "ताता नाही, ताता!" फरक त्याच्या कानांना कळत होता, तोंडात उतरत नव्हता. इंग्रजी बोलणारं एक मूल 'फिश'ला 'फिस' म्हणायचं आणि मोठ्यांनी 'फिस' म्हटलं की ते मान्य करायचं नाही, असा प्रकार मुलांच्या भाषेचे अभ्यासक जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी १९६० साली नोंदवला होता. नुसता 'र' चुकतोय की अख्खा गट सरकलाय, यावर थेरपी कुठून सुरू करायची ते ठरतं.

वाचा आणि भाषा यांत तर सगळेच घोळ घालतात. एखाद्याचे उच्चार खणखणीत असतात, पण वाक्य बांधता येत नाही, प्रत्यय गळतात. ती अडचण भाषेची. उलट लहान मूल 'घोडाला' म्हणालं तर घाबरू नका. 'ला' लावायचा नियम त्याला सापडलाय, 'घोड्या' हे सामान्यरूप मागाहून येईल. मोठ्यांमध्येही हाच भेद. फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये ज्याच्याबद्दल लिहिलं, त्या रुग्णाच्या तोंडून बहुतेक वेळा 'टान' एवढंच निघे, पण समज बरीच शाबूत होती. मेंदूला इजा होऊन भाषाच विस्कटते तो अफेजिया. भाषा ठीक, पण स्नायूंवरचा ताबा गेल्याने बोलणं अस्पष्ट होतं ते डिसार्थ्रिया. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

घरच्यांच्या शब्दांवरही जाऊ नका. 'तोतरा' आणि 'बोबडा' हे दोन्ही शब्द लोक कशालाही वापरतात. "तो कसं बोलतो, जरा बोलून दाखवा," म्हणायचं. आई 'प-प-पाणी' करून दाखवते, की 'राजा'ला 'लाजा' म्हणून दाखवते, यातून निम्मं काम होतं.

आणि श्रवणचाचणी झालीये का, हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायचा. त्या 'ताता'वाल्या मुलाच्या वेळी मी तो तिसऱ्या भेटीत विचारला. झालेली होती, म्हणून वाचलो.