पक्षाघातानंतर रक्तातील प्रथिनांचा अहवाल कसा वाचावा

पक्षाघातानंतर रुग्ण कितपत बरा होईल, हे रक्तातील प्रथिनांवरून सांगता येते का, हा घरच्यांचा मूळ प्रश्न असतो. अशा रुग्णाच्या रक्तातील एखाद्या प्रथिनाचा आकडा हाती आला, तर तो जास्त आहे की कमी हे पाहण्यापूर्वी, झटका आल्यापासून किती वेळाने रक्त घेतले होते ते पाहावे. ही वेळ अहवालावर नसेल, तर रुग्णालयातून विचारून लिहून घ्यावी. मेंदूच्या पेशींना इजा झाली की त्यांच्यातील प्रथिने रक्तात उतरतात, परंतु प्रत्येकाचा वेग निराळा असतो. जीएफएपी हे मेंदूतील आधारपेशींचे प्रथिन रक्तस्रावाच्या झटक्यात पहिल्या काही तासांतच वाढते आणि गुठळीच्या झटक्यात मात्र सावकाश चढते. त्यामुळे सुरुवातीच्या तासांत ते झटक्याचा प्रकार ओळखण्यास अधिक उपयोगी पडते. न्यूरोफिलामेंट लाइट चेन हे चेतातंतूंच्या सांगाड्यातील प्रथिन आहे. ते दिवसेंदिवस वाढत जाते आणि कित्येक आठवडे चढेच राहते. पहिल्या दिवशी ते कमी आढळले म्हणून इजा लहान आहे असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल.

त्यानंतर आकडा वाढण्याची इतर कारणे तपासावीत. न्यूरोफिलामेंट वयानुसार वाढते आणि मूत्रपिंडाचे काम मंदावले असले तरीही वाढलेले दिसते, म्हणून मूत्रपिंडाचे काम दर्शवणाऱ्या क्रिएटिनिनचा अहवाल शेजारी ठेवावा. सीआरपी हे तर यकृतात तयार होणारे, दाह दर्शवणारे प्रथिन आहे. गिळता न आल्याने अन्न श्वासमार्गात जाऊन न्यूमोनिया झाला, किंवा लघवीच्या नळीमुळे जंतुसंसर्ग झाला, तरी ते वाढते. अशा वेळी त्या आकड्यावरून मेंदूच्या भवितव्याचा अंदाज बांधण्याऐवजी संसर्गावर उपचार होत आहेत ना, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. दोन अहवालांची तुलना करायची असल्यास दोन्ही तपासण्या शक्यतो एकाच प्रयोगशाळेत आणि एकाच पद्धतीने झालेल्या असाव्यात.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे: ‘बरे होणे’ म्हणजे नेमके काय? बहुतेक अभ्यासांत 90 दिवसांनंतरची स्थिती सुधारित रँकिन मापनावर 0 ते 6 अशी मोजतात, ज्यात 0 म्हणजे कोणतेही लक्षण नाही आणि 6 म्हणजे मृत्यू. रुग्ण स्वतःचे व्यवहार स्वतः करू शकेल का, हे त्यावरून कळते. वाचा परत येईल का किंवा बोटांनी घास उचलता येईल का, हे कळत नाही. आणि घरच्यांना तर हेच जाणून घ्यायचे असते. हात कितपत सुधारेल याचा अंदाज बांधण्यासाठी न्यूझीलंडमध्ये विकसित झालेली प्रेप-2 ही पद्धत पहिल्या काही दिवसांत खांदा बाजूला उचलण्याची आणि बोटे सरळ करण्याची ताकद तपासण्यापासून सुरू होते. तिच्यात रक्तातील प्रथिनांचा समावेश नाही.

एखाद्या नव्या प्रथिनाविषयी वाचताना हे जरूर शोधावे की वय आणि झटक्याची तीव्रता मोजणारा एनआयएचएसएस गुणांक माहीत असतानाही त्या प्रथिनामुळे अंदाज अधिक अचूक होतो का. मोठ्या झटक्यात गुणांकही वाढतो आणि प्रथिनही, त्यामुळे दोहोंचा संबंध दिसणे स्वाभाविकच आहे, पण तेवढ्याने नवी माहिती मिळाली असे होत नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेला, पक्षाघातानंतरच्या परिणामाचा अंदाज बांधणारा कोरिस्क गुणांक या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे, कारण त्यात शरीरावरील ताणासोबत वाढणारे कोपेप्टिन एकटे न वापरता वय, एनआयएचएसएस आणि रक्तप्रवाह पुन्हा सुरू करणारे उपचार यांच्याशी जोडले आहे. शिवाय ज्या रुग्णांवरून सूत्र तयार केले, त्यांच्याव्यतिरिक्त इतरांवरही ते पडताळले गेले आहे का, हेही पाहावे.

केवळ रक्तातील प्रथिनाच्या आकड्यावरून फिजिओथेरपी किंवा वाचोपचार कमी करू नयेत, कारण तितका भरवसा आज अशा कोणत्याही तपासणीवर ठेवता येत नाही. न्यूरोलॉजिस्टना भेटताना अहवालासोबत रक्त घेतल्याची वेळ, एमआरआय किंवा सीटी स्कॅन आणि पहिल्या दिवसाचा एनआयएचएसएस गुणांक न्यावा, आणि या आकड्यामुळे उपचारांत नेमका कोणता बदल होणार आहे, असे स्पष्टपणे विचारावे. काहीच बदलणार नसेल, तर तीच तपासणी पुन्हा करण्यावर खर्च करण्यापूर्वी विचार करावा आणि ते पैसे उपचारांच्या पुढील सत्रांसाठी राखून ठेवावेत.